अण्णांनी आखलेलं वाळवंट

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या घरात शहाण्णव सालचा नोव्हेंबर राजस्थानच्या नकाशावरच सरला. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरलेला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या, आणि जिथे गाडी थांबवायची त्या गावावर एकेक चिंचोका. चौकाबारा खेळायचे चिंचोके विश्वासरावांनी या कामाला जुंपले होते. भूगोलाचा मास्तर निवृत्त झाला तरी नकाशा दिसला की हात शिवशिवणारच.

मुलगा गिरीराज, सून मुग्धा आणि आठ महिन्यांचा वेदांत डिसेंबरात निघणार होते. जोधपूरपर्यंत रेल्वे, तिथे गिरीराजच्या मित्राची ॲम्बॅसडर, आणि पुढे जैसलमेरपर्यंत रमतगमत. "अण्णा, तुम्ही येता का?" असं गिरीराजनं विचारलं होतं. विश्वासराव म्हणाले, "तान्हं पोर काय कमी आहे? त्यात माझं लोढणं कशाला गळ्यात? गुडघे हे असले." म्हणाले आणि फसले. गिरीराज पडला सरळमार्गी. एकदा नाही म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपला. बापाला दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता तिकिटं उद्या काढायची होती आणि दिलेला शब्द गिळायचा कसा, हे विश्वासरावांना सुचत नव्हतं. उभी हयात या माणसानं फळ्यावर खडूनं वाळूच्या टेकड्या काढल्या, पण शाळेची सहल जवळच्याच होसकोटेच्या तळ्यापलीकडे कधी गेली नाही. त्यांना वाळवंट बघायचं होतं. अगदी लहान पोरासारखं बघायचं होतं.

मुग्धा ऑफिसातून आली, हातपाय धुतले आणि वेदांतला मांडीवर घेऊन टेबलाशी बसली. त्याचा हात चिंचोक्यांपर्यंत पोचणार नाही एवढी खुर्ची तिनं आधी मागे सरकवली. पोरगी नागपूरची, उन्हाची ओळख जन्मापासूनची. प्रत्येक थांब्याला ती असा प्रश्न विचारायची की विश्वासराव मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण देत.

"इथं काय आहे, अण्णा?"

"खिचन. फलोदीजवळचं गाव. थंडीत कुरजा पक्षी उतरतात, हजारोंनी. गावकरी रोज सकाळी दाणे टाकतात त्यांना."

"मग आदल्या रात्री फलोदीतच राहू. पण वेदांतला झोपेतून उठवायचं नाही. तो उठला की निघायचं. थोडे पक्षी चुकले तर चुकले."

पुढे रामदेवराच्या धर्मशाळेत दुपारची सावली, त्याला पाजायला आडोसा, आणि जैसलमेरच्या तलावाकाठी पोचायचं ते उन्हं कलल्यावर, म्हणजे किल्ला पिवळाधमक दिसेल आणि पोराच्या डोळ्यांवर ऊनही येणार नाही. विश्वासरावांनी देखावे निवडले होते. मुग्धानं त्यात पोराची भूक आणि झोप बसवली, आणि एकाही देखाव्याचं काही बिघडलं नाही. असं वेळापत्रक आपल्या शाळेत कुणाला जमलं नसतं, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं.

मग तिचं बोट नकाशावर मागे, जोधपूरजवळच्या ओसियांवर आलं.

"ओसियांची टेकडीवरची देवी काहून सोडली?"

"पायऱ्या फार आहेत गं. खालची देवळंही सुंदर आहेत. बाळ आहे ना बरोबर."

"आणि जोधपूरचा किल्ला खालूनच?"

"चढ आहे. बाळाला त्रास."

"वाळूच्या टेकड्यांवर उंट नाही, उंटगाडी."

"उंटावर बाळ बसेल का?"

"उंटाचं पटलं," मुग्धा म्हणाली. "पण अण्णा, वेदांत तर अजून रांगून राहिला. पायऱ्या तो गिरीराजच्या कडेवर बसून चढणार. त्याचे गुडघे कुठं दुखतात?"

विश्वासरावांची चोरी पकडली गेली होती, आणि गंमत अशी की चोराला स्वतःलाच तिचा पत्ता नव्हता. एकेक थांबा निवडताना ते मनानं तिथे जाऊन उभे राहिले होते, आणि जिथे पाय नको म्हणाले तिथला चिंचोका मुकाट्यानं उचलला होता. सबंध महिनाभर त्यांनी स्वतःचाच प्रवास आखला होता. त्यांचे कान तापले. आता ही हसेल, असं त्यांना वाटलं.

मुग्धा हसली नाही. "म्हणूनच चांगले झालेत थांबे," ती म्हणाली. "पोर काखेत घेऊन मला तरी कुठं किल्ले चढायचेत?" आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिनं आवाज दिला, "गिरीराज, उद्या तिकिटं मोठ्या माणसांची तीन."

गिरीराज दारात आला. "अण्णा नको म्हणाले होते ना?"

"तोंडानं म्हणाले होते."

गिरीराजनं बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "सरी, बरं," तो म्हणाला. "तीन."

पोटच्या पोराला जे ऐकू आलं नाही ते या परक्या गावच्या मुलीनं नुसत्या नकाशावरून ऐकलं होतं. तिच्याविषयी विश्वासरावांना एवढं कौतुक वाटलं, की बोलायला गेलो तर रडू येईल याची भीती वाटली. एकदा, निदान रीत म्हणून, नको म्हणायला हवं होतं.

"गिरी," ते घसा खाकरून म्हणाले, "खालचा बर्थ मिळतो का, स्वल्प बघ जरा."