ज्वारीची पाळी

रीताचं वर्षश्राद्ध नेमकं ज्वारीच्या दिवशी आलं. कैलाशने आजही बोटांवर तीनदा मोजून पाहिलं. काल भात झाला, आज ज्वारी, उद्या मका, परवा शिंगाड्याचं पीठ, मग पुन्हा भात. तिथी काही हर्षाच्या पोटाकडे पाहून येत नाही.

हर्षा त्याची सात वर्षांची लेक. गहू आणि दूध तिला मुळीच चालत नाही. बाकीचं धान्यही लागोपाठ दोन दिवस खाल्लं की पोट फुगतं, अंगाला खाज सुटते, आणि पोर रक्त येईस्तोवर कोपराची लवण खाजवत बसते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज खाल्लेलं धान्य मध्ये तीन दिवस सोडून खायचं. कैलाशच्या डोक्यात ते काही शिरेना. परतताना बसमध्ये त्याची बायको रीता म्हणाली, "अवो, कालव्याच्या पाण्यावानी हाये हे. आज या बांधीले पाणी, उद्या त्या बांधीले. तशीच धान्याची पाळी." एकोडीत जन्मभर धान लावणाऱ्या माणसाला ते लगेच समजलं.

पोरीने एकटीने वेगळं खाऊ नये म्हणून रीताही तिच्याच ताटातलं जेवायची. कैलाश मात्र रोज भात खायचा. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

मग चार दिवसांच्या तापात रीता गेली. पाळी कैलाशच्या हातात आली. पहिला महिना पोर तळमळली. पाळी नसताना तो भात देत नव्हता, तरी अंग उठायचं. काय चुकतं ते कळेना. एक दिवस मुरमुऱ्याचा डबा उघडताना त्याचा हात थांबला. मुरमुरे, पोहे, मुगवड्यांसोबतचे तांदळाचे पापड. एवढं धान पिकवलं, पण मुरमुरा म्हणजे तांदूळच, हे कधी मनात आलं नव्हतं. भात म्हणजे भात, मुरमुरे म्हणजे खाऊ. रीता सगळं मोजायची आणि कोणाला सांगायची नाही.

सकाळी नवाच्या सुमारास सासू शकुनबाई आंधळगावहून आल्या. पिशवीत चिन्नोर तांदूळ होता. आल्या तशा त्या चुलीकडे वळल्या.

"खीर नारळाच्या दुधात करतो, जावईबापू. गाईचं दूध नाही लावत. आता तर झालं?"

"मामी, आज ज्वारी हाये."

"कोनाची ज्वारी?"

"हर्षाची. काल भात झाला तिचा."

शकुनबाई हातातली पिशवी धरून तशाच उभ्या राहिल्या. "माह्या पोरीच्या पानात भात नाही? लोक काय म्हनतीन? अन् आईच्या पानातलं पोरीनं खायाचं असते. मंग ते कसं?"

"म्हनूनच तर ज्वारी."

"तुमाले तिथी ठाऊक होती. एक दिवस मागंपुढं करता येत नव्हतं? कालची ज्वारी, आजचा भात. कायले एवढं अडून बसता?"

करता आलं असतं. पंधरा दिवसांपूर्वीच त्याच्या ध्यानात आलं होतं. एकदा दिवस बदलायला म्हणून त्याने ज्वारीचं पीठ परातीत काढलंही, आणि परत डब्यात टाकलं. ही मोजणी रीताने सुरू केलेली. ताप चढला त्या सकाळीही तिने मका रांधला होता, तिथून आजवर एक दिवस इकडचा तिकडे झाला नव्हता. या घडीला ती दारातून आत आली असती, तर चुलीवर काय आहे हे तिला विचारावं लागलं नसतं. घरात तिचं म्हणून एवढंच चालू होतं. पण हे सासूला कसं सांगावं?

"जमलं नाही, मामी," तो म्हणाला.

"जमलं नाही म्हने."

हर्षा उंबरठ्यावर बसून ऐकत होती. शकुनबाईंनी तिला जवळ ओढलं. "तूच सांग व माय. आईले आवडे ना खीर?"

"आवडे."

"मंग करू ना?"

"आज नाही. आई माह्यासंगच जेवे. आज मी ज्वारी खातो, तं आई भात कशी खाईन?" मग तिने बापाकडे बोट केलं. "भात तं बाबाच खायाचे. अलग बसून."

कैलाशने मान खाली घातली. पदराने नाक पुसून शकुनबाईंनी तांदळाची पिशवी खुंटीला अडकवली आणि परात मागितली. धानाच्या मुलखातली बाई. पहिल्या दोन भाकरी तव्यावर जाण्याआधीच मोडल्या.

"सरका, मामी. पानी गरम लागते," कैलाश म्हणाला.

"तुमाले कोनं शिकवलं?"

"कोनं नाही. शिकलो."

पळसाच्या पानावर भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी वाढली. कावळ्यासाठी कागघास टाकून झाला. हर्षा आईच्या पानासमोर बसली आणि पोटभर जेवली. हात धुताना तिने विचारलं, "बाबा, उद्या मका हाये. उद्याही आईचं पान वाढायचं?"

पान वर्षातून एकदाच असतं. शकुनबाई ते सांगायला वळल्या, पण कैलाश आधीच बोलून गेला होता.

"हो, वाढू."