शेवटच्या खेळातलं रीळ

“आता बघ हं, ऑक्टोपसचा तो डावा हात नीट बघ,” म्हातारा खुर्चीतून अर्धा उठलाच. “दोरी दिसली की नाही?”

रबरी ऑक्टोपस पाणबुडीला विळखा घालत होता आणि त्याच्या हाताला बांधलेली काळी दोरी खरंच स्पष्ट दिसत होती.

“दिसली बाई दोरी. बसा आता, कंबर धरेल,” म्हातारी म्हणाली. तिच्या मांडीवर गिऱ्हाइकाचा झगा होता, त्याची तुरपाई चालली होती.

म्हातारा जन्मभर सिनेमाच्या थेटरात ऑपरेटर होता. थेटर जाऊन तिथे टायरचं गोदाम झालं, तरी याच्या अंगातलं थेटर काही जाईना. लेकाने आज दुपारी कामावर जाण्याआधी कुठूनसा हा समुद्राखालचा जुना सिनेमा शोधून टीव्हीला जोडून दिला होता. त्यांच्या थेटरात सगळ्यात जास्त चाललेला सिनेमा हाच. तान्ह्या छकुलीला सासूपाशी ठेवून म्हातारीने तेव्हा तो दोन-तीनदा पाहिला होता, फुकटच्या खुर्चीवर, शेवटच्या खेळाला.

पडद्यावर पाणबुड्याचा पाय बुडालेल्या जहाजात अडकला. कॅप्टनने काचेतून ते पाहिलं आणि पाणबुडी सुरू केली.

“झालं! निघाला मेला पळून,” म्हातारी म्हणाली. “आपला माणूस तिथे तडफडतोय आणि हा खुशाल किनाऱ्यावर जाऊन हारतुरे घेणार. याचं तोंड बघायला नको वाटतं मला.”

पण किनारा आलाच नाही. पाणबुडी वळली. कॅप्टनने स्वतःच लोखंडी टोप डोक्यावर चढवला आणि तो पाण्यात उतरला.

म्हातारीची सुई थांबली.

“अहो, हे कुठे होतं तेव्हा?”

म्हातारा खुदकन हसला. या घटकेची तो जणू वाटच पाहत होता.

“होतं की! दिवसाच्या खेळांना होतं. शेवटच्या खेळाला मी हे रीळ लावतच नसे. इकडचं रीळ संपलं की तिकडच्या मशीनवर थेट किनारा! लोक टाळ्या वाजवत घरी. मालकालासुद्धा पत्ता नाही. हातात कसब लागतं त्याला.”

“कशासाठी पण?”

“लवकर मोकळं व्हायला. तिकीटवाला, गेटवाला आणि मी, मागच्या खोलीत पत्ते कुटत बसायचो. एकदा डाव रंगला की वेळेचं भान कुणाला?”

“रोज?”

“रोज म्हणजे? सिनेमा उतरेपर्यंत!”

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, नुसतं चिकटवल्यासारखं.

सिनेमा उतरायच्या आठवड्यातच छकुली तापाने फणफणली होती. सासू गावी गेलेली. आता येतील, आता येतील म्हणत ही पोरीला छातीशी धरून दारात उभी राहिली. तो आला तेव्हा पोर डोळे उघडत नव्हती; उजाडायच्या आत ती गेली. रीळ तुटलं, खेळ लांबला, मशीन सोडून हलता येत नाही, असं त्याने सांगितलं. हिने ते मानलं. नुसतं मानलं नाही, त्याच्यासाठी भांडली. “खेळ सुटून लोक केव्हाच घरी गेले होते, मी चौकात बघितलं. मग हा कुठे होता?” एवढंच विचारलं होतं तिच्या दादाने. माझ्या नवऱ्याला खोटं पाडतोस, म्हणून हिने सख्ख्या भावाला दार दाखवलं. त्यानंतर तो या घराची पायरी चढला नाही, आणि हिनेही कधी बोलावलं नाही.

“अगं, त्या रात्री खरंच रीळ...” म्हातारा म्हणाला.

पडद्यावर कॅप्टनने पाणबुड्याचा पाय सोडवला. दोघे वर येऊ लागले.

“गेला होता तो परत,” म्हातारी म्हणाली. “आणि मी मेली जन्मभर भलत्याच माणसाला शिव्या घालत बसले.”

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. त्याने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

“राहू द्या. मला पुढचं बघायचंय.” तिने दोरा दाताने तोडला, झग्याची घडी घालून बाजूला ठेवली. “आणि तो फोन घ्या हातात. दादाचा नंबर लेकाने घालून ठेवलाय त्यात. मला तेवढं जमत नाही. तुम्हीच लावून द्या.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“चष्मा कुठे ठेवला कोण जाणे,” असं पुटपुटत म्हातारा उशीखाली, टेबलावर, खिडकीत शोधू लागला. चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता. म्हातारी हात पुढे करून बसून राहिली, पण चष्मा कुठे आहे ते तिने सांगितलं नाही.