सपाट आलेख

“आई, रेघ वर गेली पाहिजे. वर! सपाट रेघ बघून कोण व्हिसा देईल?” तनयाने लॅपटॉपचा पडदा उल्काकडे वळवला.

पडद्यावर आलेख होता. पहिल्या वर्षी आठ विद्यार्थी, मग सोळा, मग तीस. जर्मनीत, श्टुटगार्टला जाऊन उल्का रणपिसे गणिताच्या खासगी शिकवण्या घेणार होती. नोकरी देणारं कुणी पाठीशी नसलं, की असा कामाचा आराखडा व्हिसाच्या अर्जाला जोडावा लागतो. हिंजवडीच्या कंपनीत असले आराखडे करण्यात तनयाचा हात चांगला बसला होता.

“तीस कुठून येतील गं?”

“टिकतील ना! एक मूल निदान तीन वर्षं.”

“माझ्याकडे कोण टिकलंय तीन वर्षं?”

हे खरं होतं. बिबवेवाडीतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तनया रांगत होती तेव्हापासून उल्का शिकवत होती. मूल आपलं आपण गणित सोडवायला लागलं, की ती सांगे, “आता माझ्याकडे यायचं नाही. अडलं तर फोन कर.” कुणाला चार महिने लागत, कुणाला वर्ष. आईबाप विनवत, दहावीपर्यंत तरी ठेवा. उल्का ठेवत नसे. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या बाईने हॉल घेऊन शंभर मुलं बसवायची सोडून आलेली घालवावीत, हे सोसायटीत कुणाच्याच पचनी पडत नसे.

“तीस कशाला, तीनशे लिही,” उल्काचा नवरा अभय पेपराआडून म्हणाला. “थाप मारायचीच तर हात कशाला आखडायचा?”

“बाबा, थाप नाही. प्रोजेक्शन म्हणतात त्याला.”

“असं होय! आम्ही टेलिफोन खात्यातली माणसं. आम्हाला थापच म्हणायला शिकवलं.”

उल्का हसली. तिला जायचं होतं. जुना विद्यार्थी सौमित्र तिकडे नोकरीला होता. त्याच्या ओळखीच्या काही भारतीय घरांतली मुलं गणितात अडखळत होती, आणि त्याने फोन केला होता, “बाई, तुम्हीच या.” त्या दिवसापासून ती निम्म्या वयाच्या इंजिनिअरांमध्ये बसून जर्मन शिकत होती. त्या शहराचा नकाशा तिला पाठ झाला होता. संसारातून उठून फक्त आपल्या कामासाठी कुठे तरी जावं, असं तिच्या आयुष्यात प्रथमच घडू पाहत होतं. म्हणून तिने अर्जावर सही केली आणि आराखडा तसाच गेला.

मुंबईला जर्मन वकिलातीत मुलाखत झाली. काचेपलीकडे आखूड केसांची जर्मन बाई होती. तिने इंग्रजीत विचारलं, “म्हणजे प्रत्येक विद्यार्थी तुमच्याकडे तीन वर्षं राहील?”

“येस, मॅडम” हे उत्तर तनयाने घोकून घेतलं होतं. उल्काने तोंड उघडलं आणि म्हणाली, “नाही. हा आलेख चुकीचा आहे.”

बाईने चष्मा काढला. “कुणी काढला?”

“माझ्या मुलीने. पण चूक दिसत असून पाठवला मी.”

“मग बरोबर कसा असेल?”

उल्काने कागद मागितला आणि त्यावर आडवी, जवळजवळ सपाट रेघ ओढली. बाजूला एक हौद काढला, त्याला दोन नळ. “खालचा नळ मी उघडा ठेवते. शिकलं की मूल जातं. जाणारं मूल वरचा नळ उघडतं. मावसभाऊ पाठवतं, शेजारची मैत्रीण पाठवतं. पाणी सारखं बदलतं, पातळी तेवढीच राहते. पुण्यात माझं घर याच्यावर चाललंय.”

“आणि तिकडे वरचा नळ बंद पडला तर?”

“तर मला शिकवता येत नाही असा अर्थ. मग मी परत येईन.”

बाई हसली नाही. तिने कागद घेतला आणि अर्जाला टाचला.

घरी तनयाने कपाळावर हात मारला. “आई! कुणी मागितलं होतं इतकं खरं? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास!”

“धोंडा तिचा, पायही तिचा,” अभय म्हणाला. “तू चहा टाक.”

पुढचे काही आठवडे अभयने जर्मनीचं नाव काढलं नाही, यावरून उल्काला कळलं की त्यालाही आशा उरलेली नाही. तिने जर्मनचं पुस्तक फडताळात वर ठेवून दिलं.

कुरिअरवाला आला तेव्हा टेबलाभोवती मुलं बसलेली होती. सोनालीचं वर्गसमीकरण अर्ध्यावर होतं. उल्काने सही केली, पाकीट मांडीवर ठेवलं आणि समीकरण पुरं होईपर्यंत उघडलं नाही. मग पासपोर्टाची पानं उलटली. व्हिसाच्या स्टिकरवर जर्मन ओळ होती. तिने ती एकेका शब्दावर बोट ठेवत वाचली: खासगी शिक्षिका म्हणून स्वतंत्र व्यवसायास परवानगी.

“बाई, काय झालं?” सोनालीने विचारलं.

“काही नाही. आज सुट्टी.”

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुलांचा आधी विश्वासच बसेना, मग ती जिना दणाणत खाली पळाली.

अभय आत आला, तेव्हा उल्का सोनालीच्या खुर्चीत बसली होती. या बाजूला ती कधीच बसली नव्हती. इथून खिडकी दिसत नव्हती. समोर तिची रिकामी खुर्ची, आणि मागच्या भिंतीवर तिचं डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. पोरं रोज हे बघत होती तर.

तिने पासपोर्ट पुढे सरकवला. अभयने तो उलटसुलट करून पाहिला, त्यातली जर्मन ओळ कळली नाही, तरी डोळे पुसले. मग फडताळातलं पुस्तक काढून तिच्यासमोर ठेवलं आणि तिच्या खुर्चीत ऐसपैस बसला.

“हं, वाच मोठ्याने.”

“अहो, तुम्हाला काय कळणार?”

“काही नाही. पण तू अडलीस तर मला समजेल.”

उल्काने पुस्तक उघडलं आणि पहिल्याच ओळीला अडली. अभयने तिला घाई केली नाही.