फुग्याची सावली

धाकट्या जावेला घर लागलं हे कळलं, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. आणि दुखणार नाही तर काय हो! अठरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली हिने, चार वेळा बोचकी बांधली. मालकीण "खिळा ठोकू नका" म्हणाली म्हणून आजवर भिंतीवर साधं कॅलेंडर टांगलं नाही. धाकटीच्या लग्नाला जेमतेम चार वर्षं झाली होती.

झालं होतं असं. त्या भागात एका प्लॉटवर एकच घर बांधायचं, असा नगरपालिकेचा जुना नियम होता. तो बदलला. आता एका प्लॉटवर चार मजले, आठ छोटी घरं, आणि ती भाड्याने राहणाऱ्या तरुणांना सोडत काढून बेताच्या किमतीत द्यायची. वयाची अट पस्तीस. थोरली बेचाळीसची. बरं, पहिली इमारत उठणार होती तीही नेमकी हिच्या मागच्या अंगणाला लागून, आणि धाकटीचं घर चौथ्या मजल्यावर. म्हणजे रोज मान वर करकरून बघायचं!

"अठरा वर्षं भाडं भरलं ते काय म्हातारं व्हायला?" ती नवऱ्यावर खेकसली.

"अगं, माझ्या भावालाच मिळालंय ना, परक्याला तर नाही."

"परक्याला मिळालं असतं तर परवडलं असतं!"

थोरली कपडे शिवायची. इमारतीची नोटीस लागली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. कुणाच्या कामाच्या जागेचा उजेड अडत असेल, तर हरकत घेता येते आणि वरचा मजला रद्द होतो, असं त्यात होतं. वरचा म्हणजे चौथा. तिने त्याच दुपारी अर्ज दिला.

आता खरी गोष्ट अशी की तिचं मशीन आत असायचं, रस्त्याकडच्या खिडकीशी. या घरात आल्यापासून तिथेच. मागच्या इमारतीचा आणि त्या उजेडाचा काही संबंध नव्हता. म्हणून सावलीची मोजणी होती त्या दिवशी सकाळी बाईंनी ते लोखंडी धूड एकटीने ओढत मागच्या अंगणात आणलं. कंबर धरली, फरशीवर दारापर्यंत दोन पांढरे ओरखडे उठले, पण हिंमत सोडली नाही.

तीन वाजता नगरपालिकेचा मोजणीदार आला. चौथ्या मजल्याच्या उंचीइतक्या दोरीला त्याने एक भलामोठा लाल फुगा बांधला आणि प्लॉटच्या कडेला सोडला. वारा नव्हता. फुग्याची सावली कुंपण ओलांडून अंगणात आली आणि बरोबर मशीनवर टेकली. मोजणीदाराने खडूने खूण केली. घर लागलेल्यांनाही बोलावलं होतं, त्यामुळे धाकटी तिथेच उभी होती.

"मशीन रोज इथेच असतं?" मोजणीदाराने विचारलं.

"रोज," थोरली ठणकावून म्हणाली.

"उघड्यावर?" त्याला पटलेलं दिसेना. तो धाकटीकडे वळला. "तुम्ही यांच्या घरातल्याच ना? तुम्ही सांगा."

मेलं, हे थोरलीच्या लक्षातच आलं नव्हतं! धाकटी शिवण शिकली ती याच मशीनवर, आतल्या त्या खिडकीशी दोन वर्षं बसून. तिने उघड्या दारातून फरशीवरचे ओरखडे पाहिले. मग थोरलीकडे पाहिलं. आसपासची दहा-बारा माणसं कान टवकारून उभी होती.

"हो साहेब," धाकटी हळूच म्हणाली. "ताई रोज इथेच बसतात."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. मोजणीदाराने पेनाचं टोपण काढलं.

जिंकली की थोरली! पण तिला हायसं वाटलं म्हणता? अंगाची आग आग झाली. वय हिचं, घर हिचं, आणि आता मोठेपणाही हिनेच घ्यायचा? माझी अब्रू झाकायला घर सोडते काय ही! उद्या साऱ्या नातेवाइकांत हिचा मनाचा मोठेपणा गाजणार, आणि मी जन्मभर ऐकत बसायचं?

"खोटं बोलतेय ती!" थोरली ओरडली. "मशीन आत असतं. मी आणलं बाहेर, आज सकाळी. लिहून घ्या, मी म्हणाले म्हणून. माझी हरकत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. मोजणीदाराने कागदावर आडवी रेघ मारली, तिची सही घेतली आणि फुगा खाली ओढायला लागला.

"ताई..." धाकटी जवळ आली.

"रडू नकोस. धर त्या बाजूने, आत न्यायचंय."

दोघींनी मशीन उचललं. दारात थोरली थांबली, दम खायला.

"चौथ्या मजल्यावर खिडकी मोठी असणार का गं?"

"हो ताई. भरपूर उजेड येईल म्हणे."

"येणारच," थोरली म्हणाली, आणि पुन्हा तिच्या पोटात दुखायला लागलं.