मागची दाढ

कळमनुरीच्या बाजारात दगडोबानं बकरीचा जबडा उघडून वय सांगितलं, की ती काळ्या दगडावरची रेघ. त्यानं दोनदाती म्हटलं, म्हणजे दीड वर्षाचीच. मग सात वर्षांच्या नातीच्या तोंडाबद्दल घरात त्याच्यापुढं कोण बोलणार?

सीमा कधीपासून एकाच बाजूनं चावत होती. भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खायची, गार पाण्याचा घोट घेतला की गाल धरून रडायची. दगडोबानं तिच्या तोंडात डोकावलं. आतली दाढ पिवळी, खडूसारखी भुसभुशीत.

"दुधाची हाय. काढून टाकू, मंग पक्की येती."

पडलेला दात शेणात घालून छपरावर फेकायचा असतो, म्हणून त्यानं शेणाचा गोळाही करून ठेवला. मग पक्कड गरम पाण्यात बुडवली.

सीमाच्या आईला, सत्यशीलाला, पक्कं ठाऊक होतं. तिथं दुधाची दाढ कधी नव्हतीच. नुसती हिरडी होती, आणि ही दाढ फुटताना तिनंच पाहिली होती. पण नवरा ट्रकवर, वारंगा फाट्याच्या पुढं कुठंतरी. सासऱ्यापुढं तिनं आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

"मामा, थांबा ना जरा. दवाखान्यात दाखवू."

"काहून? जल्मभर दातच बघून राहिलो मी. तू डोकं धर तिचं."

तिनं धरलं, आणि तिला स्वतःचाच संताप आला. पक्कड लागली, कट्‌कन दाढेचा टवका उडाला. पोरीनं अशी किंकाळी फोडली की दावणीच्या बकऱ्या उठून उभ्या राहिल्या. दगडोबानं पक्कड पुन्हा आत घातली.

सत्यशीलानं सासऱ्याचं मनगट धरलं. सून सासऱ्याला शिवत नाही अशा घरातली ही गोष्ट.

"मामा, तुमी बकरीचे पुढचेच दात बघता. मागची दाढ कधी बघितली का?"

दगडोबानं कधीच बघितली नव्हती. मागं बोट घातलं तर बकरी चावते, कोण बघतं? त्यानं पक्कड बाहेर काढून खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी कळमनुरीचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "ही पक्की दाढ आहे. वरचं कवच जन्मतःच कच्चं राहिलंय. टोपी बसवली की चावता येईल. उपटली असती तर पुन्हा आली नसती."

येताना एसटीत दगडोबा खिडकीबाहेरच बघत बसला.

पुढं एकदा दोन्ही बाजूंनी भाकरी चावता चावता सीमाला कोनाड्यात वाळलेला शेणाचा गोळा दिसला. "आजा, ह्यो फेकायचा राहिला की!"

"राहू दे," दगडोबा चुलीपाशी बसलेल्या सुनेकडं न बघता म्हणाला. "आता दात हलला तर आधी तुझ्या मायला इचारू."