धाकली बाई

“मेला? काय सांगस तू, बाई! जित्ता शे ना मना आंडोर!”

सुंदरबाईनं किंचाळून मांडीवरचं पोर छातीशी आवळलं. त्यानं दचकून असं भोकाड पसरलं, की ते जिवंत आहे याबद्दल कुणाला शंका उरू नये. तरी ओसरीवर औषधासाठी बसलेल्या साऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मधोमध हेला उभी होती, हातात कापसाचा बोळा घेऊन. आपलं काय चुकलं तेच तिला कळत नव्हतं.

आतून मार्था धावत आली. पोराकडे पाहिलं, हेलाकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं.

“मळला, सुंदरबाई, मळला! पोरगं मळलंय, आंघोळ घाल, असं म्हणते ती.”

मग जे हसू फुटलं ते थांबेना. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, सुंदरबाई डोळे पुसत हसली, मार्थाही हसली. हेला मात्र बोळा तसाच खाली ठेवून आत निघून गेली.

बुराई नदीच्या काठच्या त्या खेड्यात येऊन तिला दुसरा उन्हाळा लागला होता. शिंदखेड्याहून बैलगाडीनं यायचं, वाटेत नदीची वाळू लागली की उतरून चालायचं. पहिल्याच दिवशी तिनं बायांना आपलं नाव सांगितलं होतं, “मी हेला,” आणि तेव्हाही असंच हसू उसळलं होतं. त्या मुलखात हेला म्हणजे रेडा. तेव्हापासून तिचं नाव कुणी घेतलं नाही. मार्था ती मोठी बाई, ही धाकली बाई.

नॉर्वेतल्या एका गावी तिच्या बापाची गाईगुरं होती. समुद्र दाराशी होता. देवाचं काम करायला हिंदुस्थानात जायचं म्हणून ती घरातून निघाली, तेव्हा अख्खं गाव धक्क्यावर आलं होतं. देवाचं काम म्हणजे काय, ते इथं आल्यावर कळलं. खरूज धुवायची. डोळ्यांतला पू पुसायचा. वाळत घातलेल्या पट्ट्या माकडांनी पळवल्या की दगड घेऊन त्यांच्यामागे धावायचं. आईनं विणून दिलेला लोकरी कोट तिनं एकदा पेटीतून काढला, तर हातात नुसती माती आली. वाळवीनं आतून सगळा खाल्ला होता. लोक औषध घेत, येशूची गोष्ट मान हलवून ऐकत आणि घरी जात. घरकाम करणारी भिकुबाई झाडलोट करी, विहिरीवरून पाणी आणी, पण त्या घरातलं पाणी स्वतः कधी पीत नसे. तिला जातीत राहायचं होतं.

त्या संध्याकाळी अंगणात बाजा टाकल्यावर हेला आपल्या भाषेत म्हणाली, “मला घरी जायचंय, मार्था. मी इथल्या कामाची नाही.”

मार्था पन्नाशीची, हाडापेरानं दणकट. तिला खानदेशात वीस वर्षं झाली होती. “एका शब्दावरून?” तिनं विचारलं.

“शब्द नाही. तुम्ही बोलता तेव्हा त्या तुमच्याकडे बघतात. मी बोलते तेव्हा एकमेकींकडे बघतात.”

मार्थानं उशाशी ठेवलेला कंदील बारीक केला. मग म्हणाली, “जायचं तर जा. मी अडवणार नाही.” आणि कुशीवर वळली. हेलाला वाटत होतं, तिनं अडवावं.

त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या वाडीत पटकीची साथ लागली. मार्था हाशमची गाडी घेऊन रोज तिकडे जाऊ लागली. हाशम हा तिचा नेहमीचा गाडीवान, दाढी पिकलेला, अबोल. जाताना ती विहिरीत टाकायचं लाल औषध नेई. वाडीतल्या दोन विहिरींत तिनं ते टाकलं. खालच्या आळीतली तिसरी राहिली. कारण एके सकाळी हाशमनं मार्थालाच गाडीतून आणलं ते आडवी घालून.

हेलानं जे येत होतं ते सगळं केलं. मीठपाणी पाजलं, ते टिकलं नाही. पाय चोळले, ते गार पडत गेले. मार्थाचे डोळे खोल गेले, आवाज गेला. दुपारी तिनं ओठ हलवले म्हणून हेलानं कान जवळ नेला. मार्था मराठीत बोलत होती. कुणाला तरी सांगत होती, “पाणी उकळून पी, माय.” आपल्या भाषेतला एक शब्दही तिच्या तोंडी आला नाही. ऊन कलायच्या आत ती गेली.

गावात पटकीचं नाव फुटलं आणि अंगणाकडे कुणी फिरकेना. पाटलानं लांबूनच विचारपूस केली आणि धुळ्याच्या मिशनच्या साहेबांना तार करायला झुलाल नावाच्या माणसाला शिंदखेड्याला धाडलं. पण साहेब कधी येणार? वैशाखाच्या उन्हात मयत थांबवून ठेवता येत नाही, हे हेलाला कुणी सांगावं लागलं नाही.

गाव मेलेल्याला जाळणाऱ्यांचं. खड्डा खणायचा कसा, किती, हे कुणाला ठाऊक? हाशमनं बैल सोडले आणि कुदळ घेऊन आला.

“कबर माझ्यावर सोपव, बाई. बापाची खणली, बायकोची खणली.”

मागच्या अंगणात निंबाखाली त्यानं खणायला घेतलं. वरची जमीन दगडासारखी होती. हेला फावड्यानं माती ओढत राहिली. छातीइतकं खोल गेल्यावर तो थांबला.

“आमच्यात डोकं उत्तरेकडे, तोंड पश्चिमेकडे. तुमच्यात कसं राहते?”

हेलाला आठवेना. बापाला पुरलं तेव्हा बर्फ होतं आणि पाय बधिर झाले होते, एवढंच तिच्या मनात राहिलं होतं. असल्या गोष्टी मार्थाला विचारायच्या असत.

“समुद्र... कुठे?” तिनं विचारलं.

हाशमनं मावळतीकडे हात केला. “सुरतेकडे. आगगाडी जाते तिकडे.”

“तोंड तिकडे.”

“मग आमच्यासारखंच,” हाशम म्हणाला, आणि त्यानं कबरीची कड सारखी केली.

भिकुबाई, हाशम आणि ती, तिघांनी मिळून मार्थाला चादरीत उचललं आणि कबरीत उतरवलं. हेला प्रार्थना म्हणायला उभी राहिली. मयताची प्रार्थना तिला पाठ नव्हती. पुस्तक आत कुठंतरी होतं, पण मार्थाला तसंच उघडं ठेवून आत जाववेना. शेवटी जी तोंडात आली ती तिनं म्हटली. जेवायला बसताना आईनं शिकवलेली, पानातल्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानणारी, लहान पोरांची प्रार्थना. तिथं उभ्या असलेल्या दोघांना ती कळली नाही. भिकुबाईनं हात जोडले. हाशमनं तळवे वर करून आपलं काही पुटपुटलं आणि मातीची पहिली मूठ तिच्या हाती दिली.

माती लोटून झाल्यावर भिकुबाईनं तिला विहिरीपाशी नेलं, अंगावरच्या कपड्यांनिशी बसवलं आणि डोक्यावरून घागरी ओतल्या. मग ती आपल्या घरी गेली. हेला ओली तशीच चुलीपाशी आली. हाशमनं एवढं केलं, त्याला चहा तरी द्यावा म्हणून तिनं काटक्या मांडल्या. काडी ओढते तोच दारातून भिकुबाई ओरडली.

“नको, बाई! आज चूल पेटाडू नको.”

तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर होती, वर पिठलं.

“ज्याना मानूस जास, त्याना घर मा चूल पेटत नई. शेजारपाजारना लोके भाकर आनतस. तुले आठे कोन शे? मी आनी.”

हेलाला सगळे शब्द कळले नाहीत. ‘माणूस’ कळला, ‘घर’ कळलं. ती भाकर हातात धरून बसली.

“खाय, माय,” भिकुबाई म्हणाली. “खावाशिवाय मी उठाव नई.”

घास गिळताना हेलाला हुंदका फुटला. मग ती आपल्या भाषेत बडबडत सुटली. मी तिला जाते म्हणाले, ती मला अडवत नव्हती, मी तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही, असं पुष्कळ. भिकुबाई हुं हुं करत राहिली. मध्येच म्हणाली, “भलती चांगली व्हती.”

धुळ्याचे साहेब तिसऱ्या दिवशी आले. थकलेले, चांगले गृहस्थ. कबरीपाशी पुस्तकातली खरी प्रार्थना त्यांनी म्हटली आणि हेलाला म्हणाले, “तू एकटी इथं राहू शकणार नाहीस. सामान बांध. पावसाआधी तुला मुंबईहून जहाज मिळेल.”

ज्याची ती वर्षभर वाट पाहत होती ते हेच. तिनं पेटी ओढली, दोन झगे आत टाकले. कोपऱ्यात लाल औषधाची बरणी दिसली.

“वाडीतली एक विहीर राहिली आहे,” ती म्हणाली.

“ते काम दुसरं कुणी—”

“कुणी नाही दुसरं.” ती थांबली. “तुम्ही जा, साहेब. मी आता येणार नाही.”

साहेबांनी समजावून पाहिलं. मग त्यांनी टोपी घातली आणि टांग्यात बसले.

वाडीत लोकांनी विहीर अडवून धरली. सुंदरबाई त्याच वाडीची. कडेवर पोर घेऊन तीही उभी होती. “हाई लाल लाल काय टाकी राहिनी तू? मोठ्या बाईले बलाव.”

हेला पुढं झाली. “मोठी बाई... पटकी. मोठी बाई मेली.” आपण कसं बोललो, बरोबर की चूक, हे तिनं कुणाच्या तोंडाकडे पाहून तपासलं नाही. “आज पिऊ नको. उद्या पी. उकळून पी.”

कुणी हसलं नाही. सुंदरबाईनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बाजूला सरली. तिच्यामागे बाकीचेही सरले. हेलानं बादलीत औषध कालवलं, पाणी जांभळं झालं, आणि ते तिनं विहिरीत सोडलं.

परतली तेव्हा दिवस कलला होता. दारं सताड उघडी होती. भिकुबाईनं घर आवरलं होतं, मार्थाची बाज उचलून बाहेर उन्हात टाकली होती आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत शेणानं सारवलं होतं. बाज होती तिथंही आता बोटांचे ओले अर्धगोल उमटले होते.

“वलं शे आजून,” भिकुबाई हात धुता धुता म्हणाली. “सुकू दे. मंग जाय घर मजार.” आणि पदर सावरून ती आपल्या घरी गेली.

हेलानं पायांतले बूट काढले. मग ती उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून, जमीन सुकायची वाट बघत बसून राहिली.