ताईच्या कानानं

आमच्या कंपनीत वाचणाऱ्यांना वाक्यं देतात आणि त्यात राग दिसतो, थट्टा दिसते की माया, ते नोंदवायला सांगतात. पूर्वी बहुमत धरायचे आणि उरलेलं मत कचऱ्यात. ताईची मतं नेहमी कचऱ्यातच. हे घरबसल्याचं काम तिला मीच मिळवून दिलं होतं, म्हणून साहेब मलाच ऐकवायचे. मग आम्ही प्रत्येक माणूस वाक्य कसं घेईल, हे वेगवेगळं शिकणारा प्रोग्रॅम केला. कान वेगळा म्हणजे बहिरा नव्हे, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्याच सुमारास माझं पोटाचं ऑपरेशन ठरलं. मी ताईला निरोप पाठवला, 'तुला सवड असेल तरच ये. उगीच त्रास करून घेऊ नकोस.' तिनं वाचला आणि मूग गिळून बसली. फोनही उचलेना. आई गेल्यापासून मला तिच्याशिवाय कोण आहे? तिच्याविना ऑपरेशनच्या टेबलावर झोपायची माझी तयारी नव्हती.

शेवटी ऑफिसात मी तो निरोप प्रोग्रॅमला दिला. बाकीच्या वाचणाऱ्यांच्या नावांपुढे उमटलं, 'काळजी'. ताईच्या नावापुढे, 'दुरावा'.

मी आणखी गोड लिहिलं. दुरावा. 'कृपया' घातलं, तर दुरावा वाढलाच. मी चिडले. आमच्या घरात गोड बोलणं पाहुण्यांसाठी राखलेलं असायचं, हे यंत्रानं ओळखलं आणि मी सख्खी बहीण असून विसरले! रागाच्या भरात जे मनात होतं तेच टाइप केलं, 'पोट फाडणारेत माझं, आणि तू रुसून बसलीस? भीती वाटतेय मला. मुकाट्यानं निघून ये.'

बाकीच्यांपुढे 'राग', 'हुकूम'. ताईपुढे, 'माया'.

मला रडूच आलं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी पाणी आणून दिलं. एक अक्षर न बदलता मी तो निरोप ताईला पाठवला.

 संध्याकाळी घरचं दार वाजलं. ताई उभी होती, काखेत उशी घेऊन.

"आधीचा निरोप कुणाकडून लिहून घेतला होतास?" तिनं विचारलं.

"मीच लिहिला होता."

"मला वाटलं, मी नकोय तुला," ती म्हणाली. मग मला बाजूला सारून आत शिरली आणि मी भरलेली दवाखान्याची पिशवी पलंगावर उलटी करून नव्यानं भरायला बसली.